घोडीवर शेवटी कोण बसलं?

दोन घुम्या माणसांना बोलतं करायचं असेल तर मला बोलवा. उगाच फुशारकी मारत नाही, आख्ख्या पंचक्रोशीला विचारा. बांधावरून भांडून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे आमचे दोघे चुलतदीर मी एका बारशात शेजारी शेजारी बसवले, आणि पंगत उठायच्या आत ते एकमेकांच्या पानात आग्रहानं जिलेबी टाकत होते! त्यामुळं माझ्या अंकिताच्या सुपारीच्या दिवशी मला कसलीच काळजी नव्हती. तिथंच तर माझं चुकलं.

अंकिता माझी एकुलती एक पोरगी. पुण्यात नोकरीला. कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसायचा म्हसवडचा वीरधवल. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी भाकरी थापत असताना तिनं मला हे सांगितलं. मी पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले, डोळे वटारले, आणि म्हटलं, फोटो दाखव. फोटो बघितला आणि रागवायचं राहूनच गेलं. पोरगं नाकीडोळी नीटस, नोकरी चांगली, आणि चेहऱ्यावरनंच कळत होतं की हा काही माझ्या पोरीच्या शब्दाबाहेर जायचा नाही. आईला आणखी काय पाहिजे असतं?

अडचण एकच होती, तिचा बाप. आमचे हे, सुभेदार दादासो, फौजेतून रिटायर होऊन कराडजवळच्या आमच्या गावी आले, पण फौज काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. घरात गॅसची टाकी बदलायची तरी यांची परवानगी लागते. पोरीनं आपल्या मनानं पोरगा ठरवलाय हे कळलं असतं, तर समोर राजपुत्र उभा केला तरी ते नाही म्हणाले असते. पोरगा वाईट म्हणून नव्हे, आधी विचारलं नाही म्हणून! मग मीच डोकं चालवलं. माझं माहेर म्हसवडकडचं. तिकडच्या पावण्यारावळ्यांतनं फिरवत फिरवत हे स्थळ मी यांच्या पुढ्यात असं आणून ठेवलं, की यांना वाटावं आपणच शोधून काढलं. बघण्याच्या कार्यक्रमात अंकितानं वीरधवलला "आपण पुण्यात कुठं असता?" हे इतक्या साळसूद चेहऱ्यानं विचारलं, की मला तिचा अभिमानच वाटला.

आता राहिले दोघे बाप. वीरधवलचे वडील अर्जुनराव, डाळिंबाची बाग आणि मेंढरं. माणूस सज्जन, पण माणदेशात पाणी जेवढं जपून वापरतात, तेवढेच हे शब्द जपून वापरतात. बघण्याच्या दिवशी यांनी त्यांना विचारलं, यंदा पाऊस? ते म्हणाले, न्हाई. झालं! दोन होणाऱ्या व्याह्यांचं बोलणं एवढंच. मागनं दोन्हीकडनं निरोप आला तोही एकसारखा. मुलगी पसंत, मुलगा पसंत, पण पाव्हणा जरा शिष्ट वाटतो.

आणि आमच्याकडं सुपारी फुटेपर्यंत काही म्हणजे काही खरं नसतं. एकदा फुटली की शब्द गेला, मग जीव गेला तरी माघार नाही. पण त्याच्या आदल्या क्षणापर्यंत कोणीही, कशावरनंही, टोपी घालून उठून जाऊ शकतं. तेवढ्यात अंकिताकडनं मला बातमी लागली की अर्जुनरावांचा जीव की प्राण असलेला शिनेमा म्हणजे 'नऊ नवरदेव, एक घोडी'. मी जागच्या जागी उडी मारायचीच काय ती बाकी राहिली. कारण आमच्या ह्यांचाही तोच!

जुना, रंग उडालेला, माणसांनी गच्च भरलेला शिनेमा आहे तो. एका मुलीसाठी नऊ मध्यस्थ नऊ नवरदेव घेऊन एकाच दिवशी येतात, गावात वरातीची घोडी एकच, आणि मग जो काही धुमाकूळ होतो तो होतो. पैलवान काय, कंपाउंडर काय, हवालदार काय, बँडवाला काय, सगळे एकमेकांच्या अंगावर पडत असतात. हे दाढी करताना त्यातलं सगळं बोलणं तोंडपाठ म्हणतात, साबणाचा फेस आरशावर उडतो, आणि तो पुसायची मी. पण त्या दिवशी मी त्या फेसाला मनातल्या मनात हात जोडले.

सुपारीच्या दिवशी पाव्हणे आले. अर्जुनराव, त्यांची बायको शालूबाई आणि वीरधवल. मोजकीच माणसं, भावकीला नंतर बोलवायचं ठरलं होतं. पाटावर तबकात सुपारी, हळदकुंकू, नारळ, शेजारी पाटा-वरवंटा, सगळं मांडून ठेवलेलं. चहा झाला. आणि दोघे बाप आपापल्या रिकाम्या कपात बघत बसले. मी दारात उभी राहिले आणि हळूच ह्यांना म्हटलं, आवं, तुमच्या त्या नऊ नवरदेवांचा शिनेमा पाव्हण्यांनी पण बघितलाय म्हणं.

बघता बघता बैठक हसायला लागली! यांनी पैलवान केला, अर्जुनरावांनी उत्तरादाखल कंपाउंडर केला. जो माणूस 'न्हाई'च्या पुढं जात नव्हता तो उशी काखेत घेऊन औषधाची पेटी म्हणून फिरत होता. सगळ्यांनाच तो शिनेमा आवडतो असं मात्र नव्हतं. शालूबाई म्हणाल्या, नुसता कालवा हाय त्यो, डोकं दुखतं. वीरधवल दबकत म्हणाला, आमच्या वयाच्या पोरांना तो जरा जास्तच वाटतो. अंकिता आतनं म्हणाली, नऊ जण येतात पण मुलीला कोणी विचारतच नाही. मी तिला चिमटा काढला. पण दोन्ही बाप मांडीला मांडी लावून बसले होते, आणि मी मनात मानाच्या साड्यांचे रंग ठरवायला लागले होते.

तेवढ्यात हे म्हणाले, "काही म्हणा पाव्हणं, खरी कमाल शेवटाची. घोडी दावं तोडून पळते, नऊच्या नऊ तिच्यामागं, आणि नवरी मांडवात एकटीच उभी. खलास! काय अर्थ आहे त्याच्यात!"

अर्जुनरावांनी काखेतली उशी खाली ठेवली.

"शेवट त्यो न्हाई."

"म्हणजे?"

"कंपाउंडर घोडीवर बसतो. नवरी संगं. फुलं पडत्यात, गाणं हुतं, मग संपतो."

हे नव्या रंगरुटाकडं बघून हसावं तसे हसले. म्हणाले, कॅम्पात कितीदा बघितलाय, तुमची काहीतरी गल्लत होतीय. अर्जुनराव म्हणाले, गल्लत आमची न्हाई. मग एकेक निघायला लागलं. ह्यांनी म्हणे त्या शेवटावर जवानांना भाषणं दिली होती, माणसाचं आयुष्य म्हणजे ती पळालेली घोडी, कुणाच्याच हाती लागत नाही. आणि अर्जुनरावांनी तो शेवट बघून हट्टानं स्वतःची वरात घोडीवरनं काढली होती, गरीब माणूस जिंकतो म्हणून. यावर शालूबाई म्हणाल्या, ती घोडी पिठाच्या गिरणीपुढं जी थांबली ती हललीच न्हाई, शेवटी चालत गेलो. पण त्यांच्याकडं कुणाचं लक्ष होतं?

"शिद्धनाथाच्या यात्रंत बघितलाय म्या," अर्जुनरावांचा आवाज चढला. "देवाच्या दारात खोटं दावत्यात व्हय?"

"आणि फौजेत खोटं दाखवतात?"

झालं! शिनेमा राहिला बाजूला. आता एकीकडं देव आणि एकीकडं देश. यातनं माघार घ्यायची तरी कुणी? वीरधवल बिचारा दोघांना सांभाळायला गेला आणि म्हणाला, एवढे नऊ नवरदेव आहेत तर शेवटही दोन असतील. दोन्ही बापांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेला आणि लवकर परत आला नाही.

मग हे म्हणाले, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं ज्याला धड सांगता येत नाही, त्याच्या घरी पोरगी... आणि पुढचं बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. अर्जुनरावांनी टोपी डोक्यावर चढवली आणि शालूबाईंना म्हणाले, चला.

तबकात सुपारी तशीच होती. मी आत बघितलं तर अंकिता ओट्याला टेकून उभी, डोळे भरलेले, ओठ दाबून धरलेले. लहानपणी पडली तरी रडायची नाही ही पोरगी. ती एवढंच म्हणाली, "आई, काहीतरी कर."

मी पदर खोचला आणि सरळ दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, सुपारीला आलेलं माणूस माझ्या उंबऱ्यावरनं उपाशी जाणार नाही. आणि एवढीच जर खात्री असेल तर लावा तो शिनेमा टीव्हीवर. ज्याचा शेवट खरा, त्याच्या हातानं सुपारी फुटंल.

आता मान सुपारी फोडायचा! दोघांच्याही मिशा फुरफुरल्या. दोघंही बसले. टोपी तेवढी डोक्यावर राहिली.

वीरधवलनं आमच्या वायफायवर शोधून शिनेमा फोनवरनं टीव्हीला जोडून दिला. खाली लोकांनी लिहिलेलं दिसत होतं. एकानं लिहिलेलं, असा शिनेमा पुन्हा होणे नाही. त्याच्याखाली दुसऱ्यानं, झाला नाही तेच बरं आहे. तिसऱ्यानं दोघांचीही अक्कल काढलेली. हे चष्मा लावून तिथंच प्रत्येकाला उत्तर लिहायला बसणार होते. मीच फोन काढून घेतला.

मी म्हटलं, शेवटच बघू या ना, पुढं पळवा. पण हे म्हणाले, कुठलंही काम सुरुवातीपासून करायचं असतं. या एका बाबतीत अर्जुनरावांचंही तेच मत. म्हणजे अडीच तासाला मरण नाही! आत पुरणपोळ्या गार होत होत्या, कटाच्या आमटीवर साय धरत होती, आणि बैठकीत दोन माणसं आपल्या आवडीचा शिनेमा न हसता बघत होती. एकाला हसू फुटलं की तो खोकायचा. पैलवान चिखलात पडला तेव्हा दोघंही एकदम खोकले. मधेच कंपाउंडरला स्वप्न पडतं, त्यात तो नवरीला घेऊन घोडीवर बसतो, वरनं फुलं पडतात. अर्जुनराव टीव्हीकडं बोट करून म्हणाले, "हे म्होरं पुन्यांदा येतंय बघा, खरंखुरं." हे नुसतं हुं म्हणाले.

मांडवाचा सीन आला. नऊही नवरदेव घोडीच्या पाठीवर एकदम चढायला बघतात. घोडीनं मान झटकली, दावं तटकन तोडलं, मांडवाबाहेर उधळली, आणि फट्! टीव्ही बंद.

हे ताडकन उभे राहिले. "संपला! बघितलं? हाच शेवट!"

मी म्हटलं, आवं, लाइट गेली.

"मग? असाच तर संपतो. घोडी पळते, अंधार होतो, आणि..."

आणि हे थांबले. पंख्याचं पातं हळूहळू थांबत होतं, त्याच्याकडं बघत राहिले. आमच्या ह्यांचं एक आहे, माणूस हेकट आहे पण खोटा नाही. काहीतरी चुकलंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"सुभेदार," अर्जुनरावांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या कॅम्पात ह्यो अंधार कवा व्हायचा?"

"दहाला. लाइट बंद व्हायची."

"दर टायमाला?"

"फौजेत दहा म्हणजे दहा."

अर्जुनरावांनी मांडीवर अशी थाप मारली की तबकातला नारळ कलंडला. हसता हसता त्यांनी डोक्यावरची टोपी काढून डोळे पुसले. हे बिचारे खांदे पाडून बसले. इतकी वर्षं जवानांना सांगितलेलं तत्त्वज्ञान म्हणजे नुसतं दिव्याचं बटण! मला खरंच वाईट वाटलं. पण सुपारी फुटायची हीच वेळ होती म्हणून मी तबक अर्जुनरावांपुढं सरकवलं. ते तेव्हाच फोडते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण जिंकलेल्या माणसाला शांत बसवत नाही. म्हणाले, तसं नगं, यांची खातरी पटली पायजे. म्हसवडच्या यात्रेत तंबूत शिनेमा दाखवणारे इलाहीभाई अजून आहेत, त्यांच्याच तोंडून वदवतो.

लाइट गेली की आमचं वायफायही जातं, आणि मोबाइलची रेंज येते ती फक्त अंगणात तुळशीपाशी, तीही बोलण्यापुरती. मग सगळी वरात तुळशीपाशी. अर्जुनरावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वर धरला. इलाहीभाईंचा आवाज खणखणीत होता.

"घोडीचा पिक्चर? लय चालला गड्या! यात्रंत तंबूला पाय ठेवाय जागा नसायची."

"शेवट सांग इलाही. कंपाउंडर घोडीवर बसतो का न्हाई?"

"बसतो की! त्यो तर माझाच शेवट हाय."

अर्जुनरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण हात जरा खाली आला. "तुझा म्हंजे?"

मग इलाहीभाईंनी सगळं अभिमानानं सांगितलं. शिनेमाची पेटी एक आणि तंबू दोन, एक म्हसवडला, दुसरा आटपाडीकडच्या यात्रेत. तिकडं रीळ दाखवून झालं की मोटरसायकलवरनं इकडं यायचं. शेवटचं रीळ कधी वेळेवर आलंच नाही. तोवर लोक कनाती फाडायला उठायचे. मग इलाहीभाईंनी युक्ती केली. मधलं कंपाउंडरच्या स्वप्नाचं रीळ शेवटी पुन्हा लावायचं. नवरी, घोडी, फुलं, गाणं! लोक शिट्ट्या वाजवत घरी.

"आन खरा शेवट?" अर्जुनरावांनी विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

"त्यो म्या बी कवा बघितला न्हाई बाबा."

फोन ठेवून अर्जुनराव तुळशीकडं वळले. मग म्हणाले, "सपान व्हतं व्हय ते. आन म्या त्याच्यापायी घोडीवर बसलो." बोलायला शालूबाईंकडं पुष्कळ होतं, पण बाईनं मोठेपणा दाखवला.

हे पायरीवर बसले होते. जरा सरकले, शेजारी हातानं धूळ झटकली आणि तंबाखूची पुडी पुढं केली. अर्जुनराव बसले. दोघांनी मिळून एकाच तळहातावर तंबाखू मळली. एवढ्या वर्षांत बायकोला कधी न सांगितलेल्या गोष्टी ते तिथं एकमेकांना सांगत होते. दहाला लाइट जायची तेव्हा सगळी बराक कशी हळहळायची, आणि यात्रेतनं घरी परतताना डोक्यात ती फुलं कशी पडत राहायची. मला वाटलं, चला, सुटलो. मी तबक घेऊन बाहेर आले. तर दोघंही एकदम म्हणाले, थांब! आता खरा शेवट बघितल्याशिवाय सुपारी नाही.

आणि लाइट आली.

सगळे परत टीव्हीपुढं. घोडी परत उधळली. नऊ नवरदेव परत मागं धावले. नवरी मांडवात एकटी. मग पडद्यावर तिची आई पुढं आली, पदर सावरला, आणि हाक मारली. पळालेल्या घोडीला धरून तिचा मालक आला, साधा घोडीवाला. आई म्हणाली, पोरीनं ह्याला केव्हाच पसंत केलाय, मला सगळं ठाऊक होतं. हे नऊ जण मीच बोलावले, म्हटलं बाप दमून दमून शेवटी ह्याला तरी हो म्हणेल! बापाचा तोंड उघडं राहिलेला चेहरा पडद्यावर मोठा मोठा होत गेला आणि शिनेमा संपला.

माझे कान तापले. अंकिता छतावरचा पंखा आयुष्यात पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत होती. वीरधवलनं खाली घातलेली मान वर काढली नाही. मी मनातल्या मनात सिद्धनाथाला नवस बोलले. मोठा बोलले.

हे सावकाश उठले. टीव्हीचं बटण बंद केलं. मागं वळले.

"थर्ड क्लास!"

"लय वंगाळ," अर्जुनराव म्हणाले. "ह्याच्यापरीस इलाहीचा बरा."

"पोरीनं पोरगा आधीच ठरवलेला. आईला सगळं ठाऊक. आणि बापाला शेवटपर्यंत पत्ता नाही! असा खुळा बाप कुठं असतो का, पाव्हणं?"

"आमच्या माणात तरी न्हाई."

"आमच्या कराडात पण नाही."

इतकं एकमत त्या दोघांचं पुन्हा कधी होईल असं मला वाटत नाही. त्याच भरात दोघांनी सुपारी एकदम उचलली, एकानं पाट्यावर धरली, दुसऱ्यानं वर वरवंटा घातला. फुटली! शब्द गेला. वीरधवल वाकून पाया पडला तेव्हा ह्यांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, शिस्तीचा पोरगा आहे, मी बघताक्षणीच ओळखलं होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंकिताच्याही आलं. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला होता, मला वाटलं त्यांनाही भरून आलं. पण त्यांचे खांदे हलत होते. मी नीट बघितलं तर बाई हसत होती! माझ्याकडं बघून त्यांनी डोळे मिचकावले आणि मोठ्यानं म्हणाल्या, ईनबाई, पोळ्या गरम कराय पायजेत. मी मुकाट्यानं त्यांच्या मागं गेले.

मी दार लोटून घेतलं आणि कुजबुजत विचारलं, म्हणजे तुम्हाला पण ठाऊक होतं?

"व्हय की," तवा गॅसवर टाकत शालूबाई म्हणाल्या. "अंकितानंच सांगितलं फोन करून. गेल्या दिवाळीत सुनंची म्हून साडी बी धाडली म्या तिला."

दिवाळीत! आणि मला माझ्या पोरीनं सांगितलं होतं ते थेट त्यानंतरच्या शिमग्याला.